मास्तरांनी मोजलेली झाकणं

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे का, हे मला खरंच माहीत नाही. गेलेल्या माणसाविषयी लिहायचं तर लिहिणाऱ्याला तो माणूस पुरता ठाऊक असावा, निदान हात तरी लिहिता असावा. माझ्याकडे दोन्ही नाही. मी दुबईच्या बर दुबई भागात, मीना बाजारातल्या एका शिलाईच्या दुकानात गिऱ्हाइकांची मापं लिहून घेतो आणि टपालानं बी. ए. करतो आहे. यंदा तिसरं वर्ष. आमच्या घरात कॉलेजचं पुस्तक आणणारा मी पहिलाच, त्यामुळे मी लिहिलेलं चूक की बरोबर हे सांगणारं घरात कोणी नाही. घराबाहेर एक जण होते, ते सहा आठवड्यांपूर्वी गेले. त्यांच्याविषयीच लिहायचं आहे. त्यात एक ग्रीक म्हातारा सारखा मध्ये येईल, त्याला माझा इलाज नाही. आणि काही गोष्टी लिहू नयेत अशाही येतील... वाचकांनी सांभाळून घ्यावं.

खेडेकर मास्तर आमच्याच गावचे. गुहागरच्या अलीकडे आमचं गाव, तिथं खाडीच्या वरच्या अंगाला त्यांचं घर आणि खालच्या मोहल्ल्यात आमचं. विनाअनुदानित शाळेत त्यांनी सहा वर्षं शिकवलं, पगार होईल होईल म्हणत. शेवटी ब्याण्णव साली ते शारजात आले, एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर म्हणून. लग्न केलं नाही. त्यांना इथं आणण्यात माझ्या अब्बांचा हात होता, म्हणून मास्तर दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येत. अब्बा जुम्म्याची नमाज पढून शारजाच्या रोला भागातल्या आमच्या खोलीवर परतायचे, तेव्हा मास्तर जिन्यावर बसलेले असायचे, हातात लबनची बाटली. लबन म्हणजे इथलं ताक. माझी धाकटी बहीण झोया इथंच वाढलेली; ती दार उघडून म्हणायची, "मास्तर अंकल, अगेन लबन? समथिंग एल्स आणा ना!" मास्तर म्हणायचे, "हो मॅडम, पुढच्या वेळी." पुढच्या वेळी पुन्हा लबनच. बाटली उघडली की तिचं पांढरं झाकण ते शर्टाच्या खिशात टाकायचे. कचऱ्यात कधी टाकलं नाही. झोया त्यांचा खिसा हलवून वाजवून दाखवायची. आम्हाला ती त्यांची गंमत वाटायची.

मी बारावी गावी मामाकडे केली आणि नव्व्याण्णव साली इथं आलो. पुढे शिकायचं डोक्यात नव्हतं. मास्तरांनीच गावाकडून फॉर्म मागवला. विषय निवडताना माझं काहीच ठरेना, तेव्हा ते म्हणाले, "तत्त्वज्ञान घे. प्रयोगशाळा लागत नाही, आणि तुला प्रश्न विचारायची लाज वाटते, ती जाईल." अम्मीनं विचारलं, "त्यानं नोकरी लागते काय, मास्तर?" मास्तर म्हणाले, "नाही लागत, भाभी. पण लागलेल्या नोकरीत माणूस जरा बरा वागतो." मग दर शुक्रवारी जेवण झालं की ताटं उचलून त्याच चटईवर आमची शिकवणी सुरू. परीक्षेला मे महिन्यात मी रत्नागिरीला जाऊन यायचो.

दुसऱ्या वर्षी मला स्वाध्यायाला प्रश्न आला : सॉक्रेटिसची कीर्ती सार्थ आहे का, साधकबाधक चर्चा करा. मी साधकच लिहिलं. नऊ पानं. बाधक काही सुचलंच नाही. सत्तर वर्षांचा माणूस, अथेन्समध्ये लोकांना प्रश्न विचारत फिरतो, त्याच्यावर खटला होतो की हा देव मानत नाही आणि तरुणांना बिघडवतो. पाचशे पंच बसतात, मतं टाकतात, थोडक्या मतांनी तो दोषी ठरतो. मित्र तुरुंगातून पळवायला तयार असतात, तरी हा पळत नाही, विषाचा पेला पितो. याहून मोठा माणूस कोण? मी ती नऊ पानं शुक्रवारी, जेवणं चालू असतानाच, मोठ्यानं वाचून दाखवली. अब्बा ऐकत होते. त्यांची शाळा चौथीत सुटलेली.

"हा आपल्यातला, की तुमच्यातला?" अब्बांनी मास्तरांना विचारलं.

"कुणातलाच नाही, इक्बालभाय. चोवीसशे वर्षं झाली त्याला मरून."

"मग अजून केस चालू आहे?"

मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग मला म्हणाले, "अब्बांनी बरोबर विचारलं. केस चालू आहे. आणि तू एकाच बाजूचा वकील आहेस."

"पण मास्तर, काही गुन्हा नसताना मारलं ना त्याला?"

"गुन्हा नव्हता हे कुणी सांगितलं?"

"त्याच्या शिष्यांनी लिहून ठेवलंय."

"झालं तर मग. उद्या माझ्याविषयी तू लिहिशील. मी काय वाईट निघणार आहे?"

त्या दिवशी त्यांनी मला दुसरी बाजू सांगितली. खटल्याच्या चार-पाच वर्षं आधी त्या शहरात तीस जणांचं जुलमी राज्य आलं होतं. त्यांनी घराघरांतून माणसं ओढून नेली, मारली, त्यांच्या इस्टेटी घेतल्या. त्या तिसांचा म्होरक्या एके काळी सॉक्रेटिसच्या भोवती बसणाऱ्यांतला. "आता ते पंच डोळ्यांपुढे आण," मास्तर म्हणाले. "पाचशेतल्या कित्येकांचा भाऊ, बाप ओढून नेलेला. मारणारे गेले, ते हाताला लागत नाहीत. आणि त्यांचा मास्तर समोर उभा. वर हा म्हातारा त्यांची थट्टा करतो. तुला काय शिक्षा हवी विचारलं, तर म्हणतो, मला सरकारी खर्चानं जेवायला घाला."

"मेसमध्ये?" अब्बा म्हणाले.

"सरकारी मेसमध्ये. ऐकून लोक असे भडकले की दोषी म्हणून जेवढी मतं पडली होती, त्याहून जास्त मरणासाठी पडली असं सांगतात. ज्यानं निर्दोष म्हणून मत दिलं, त्यानंच दहा मिनिटांनी मार म्हणून दिलं. हे लिही. गर्दी अशी असते."

मला ते पटत नव्हतं. मी माझं हुकमाचं पान काढलं. वाचून दाखवलं की त्याच तीस जणांनी एकदा सॉक्रेटिसला आणि आणखी चौघांना बोलावून सांगितलं, अमक्या बेटावरून अमक्या माणसाला धरून आणा, त्याला मारायचं आहे. चौघं गेले. सॉक्रेटिस गेला नाही. त्यानं हुकूम मोडला आणि सरळ घरी गेला. मी 'सरळ घरी गेला' याच्याखाली रेघ मारली होती.

मास्तरांचा घास हातातच राहिला.

"आणि तो माणूस?"

"कोण?"

"ज्याला आणायला सांगितलं होतं तो."

"त्याला बाकीच्यांनी आणला. मारला."

"ते झालंच. ह्यानं त्याला निरोप धाडला का, की बाबा रे, येतायत, पळ?"

मी पुस्तक चाळलं. "तसं काही दिलेलं नाही."

"म्हणजे हा घरी गेला. हात धुतले. जेवला असेल. तिकडे त्या माणसाला ओढत आणताना ह्याला ठाऊक होतं." त्यांचा आवाज चढला होता. मास्तरांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "आणि तू रेघ मारतोस त्याच्याखाली!"

मी नवशिका, आणि मला राग आला. नऊ पानं लिहायला मला तीन आठवडे लागले होते. मी बोलून गेलो, "तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं, मास्तर?"

अम्मीनं माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. मास्तर उठले, हात धुतले, आणि माझी नऊ पानं दुमडून पिशवीत घालून, चहा न घेता गेले. अब्बा म्हणाले, "चार बुकं शिकला आणि मोठ्या माणसाला विचारतो!" मी आठवडाभर खालमानेनं मापं लिहिली.

पुढच्या शुक्रवारी ते आले, जेवले, आणि म्हणाले, "चल, फिरून येऊ." आम्ही चालत अल मजाजला तळ्याच्या काठी गेलो. दुपार कलली होती. कुटुंबं यायला अजून वेळ होता. तिथल्या सिमेंटच्या बाकावर बसून त्यांनी जे सांगितलं ते मी इथं जमेल तसं लिहितो. नावं मी बदलली आहेत, मास्तरांचंसुद्धा.

चौऱ्याण्णव साली त्यांच्या साईटवर नवव्या मजल्याची परांची कोसळली. लोखंडी नळ्यांची परांची, तिचे सांधे क्लॅम्पनं आवळलेले असतात. दोन माणसं खाली आली. एक खाली उभ्या असलेल्या सळयांवर पडला. मास्तर स्टोअरमधून धावत गेले, तेव्हा तो जिवंत होता आणि बोलत होता, सळई पोटातून वर आलेली. "मला म्हणाला, मास्तर, माझी चप्पल बघा कुठे गेली." दुसरा जागेवरच गेला होता. परांची बांधणाऱ्या टोळीत सुभाष मोरे नावाचा महाडकडचा माणूस होता. कुणीतरी म्हणालं, त्या सांध्याचा क्लॅम्प सुभाषनं ढिला ठेवला. सुभाष म्हणत होता, फोरमननं दुसरीकडे लावायला म्हणून काढायला सांगितला. फोरमन नाही म्हणत होता.

कंपनीच्या मजुरांच्या खोल्या होत्या त्या कॅम्पातली भांडणं पोलिसांत न्यायची नाहीत अशी रीत होती. पोलीस आले की मारणारा आणि मार खाणारा, दोघांचाही व्हिसा कॅन्सल. म्हणून मराठी लोकांच्या खोल्यांची शुक्रवारी जेवणानंतर मेसमध्ये बैठक बसायची. ज्याच्यावर आरोप, तो आपलं म्हणणं सांगून आपल्या खोलीत जाऊन बसायचा, म्हणजे मत देणाऱ्यांना भीड नको. मग प्रत्येकाला दोन झाकणं मिळायची. लबनच्या बाटलीचं पांढरं, पाण्याच्या बाटलीचं निळं. निळं म्हणजे दोषी. एक झाकण मुठीत धरून दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायचं, दुसरं पोत्यात. समसमान आली तर माणूस सुटला. दोषी ठरला तर मेस बंद, म्हणजे तीन महिने त्याच्याबरोबर कुणी जेवायचं नाही. याच्यावर शिक्षा नव्हती. मोजायचं काम मास्तरांचं, कारण ते शिकलेले आणि कुठल्याच टोळीतले नव्हते.

"माणसं बेचाळीस होती," मास्तर म्हणाले. "मी डबा उपडा केला. एकवीस निळी, वीस पांढरी. एक्केचाळीस झाली. मी म्हटलं, एक कमी आहे. तर कोणीतरी ओरडलं, 'बाबल्या झोपला असेल!' सगळे हसले. बाबल्या म्हणाला, 'मी टाकलं, आईच्यान!' 'काय टाकलंस?' 'सांगायचं नसतं ना!' पुन्हा हसले. बघ, दोन माणसं मेलेली आणि आम्ही हसत होतो. मी म्हटलं, दोषी. एका मतानं."

मेस बंद एवढ्यावर ते थांबायला हवं होतं. पण सळयांवर पडलेल्याचा चुलतभाऊ उभा राहिला. त्यानं परांचीचा पाना बरोबर आणला होता, हातभर लांबीचा. म्हणाला, त्यानं ज्या हातांनी क्लॅम्प ढिला ठेवला ते हात बघायचेत मला. कोणी नाही म्हणालं नाही. चार नावं पुकारली : तुम्ही जा, त्याला अंगणात आणा. चौथं नाव मास्तरांचं. शिकलेला माणूस बरोबर असला की काम रीतीनं झाल्यासारखं दिसतं.

"मी म्हटलं, डबा धुऊन येतो. तेवढाच वेळ काढावा म्हणून. नळापाशी गेलो. डब्याच्या आत, वरच्या काठाखाली पावडर ओली होऊन घट्ट बसली होती. बोटानं खरवडली... तर बोटाला झाकण लागलं. पांढरं."

 तळ्यातल्या कारंज्याचं पाणी वाऱ्यानं आमच्यापर्यंत येत होतं.

"एकवीस आणि एकवीस," मी म्हटलं.

"सुटला होता तो. रीतीनं सुटला होता. आणि हे ठाऊक असलेला माणूस जगात एकच. कदाचित ते झाकण माझंच असेल, मी पांढरं टाकलं होतं... बाकीचे तिघं अजून मेसबाहेर पाण्याच्या टाकीपाशी चपला शोधत होते. माझ्याकडे पाच मिनिटं होती. ओरडलो असतो, मोजणी चुकली, तर तो पाना माझ्या हातावर आला असता. नाहीतर सुभाषच्या दाराशी जाऊन सांगायचं होतं, मागच्या भिंतीवरून उडी टाक. त्याच्याच दारावरून माझ्या खोलीची वाट. मी खोलीत गेलो. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलो."

"मग?"

"मग ऐकलं. पत्र्याच्या खोल्या त्या. आधी तो बोलत होता, मग ओरडत होता. चुलीची फाटी मोडतात तसा आवाज येतो. मी मोजले, मोजायची सवय. सात. मग कुणीतरी म्हणालं, खलास, बस झालं, आणि तरी आणखी दोन."

दोन्ही मनगटं गेली. एक डोळा गेला. कंपनीनं साईटवर पडला असा कागद केला आणि बाराव्या दिवशी त्याला विमानात बसवून दिलं. बैठक त्यानंतर काही वर्षं बसली नाही. जगला की मेला, कुणाला कळलं नाही. मास्तरांनी ऑफिसच्या रजिस्टरमधून त्याचा पत्ता उतरून घेतला आणि वर्षातून दोनदा, गणपतीत आणि दिवाळीत, पत्र लिहीत राहिले. प्रत्येक पत्रात एकच गोष्ट, की तू सुटला होतास. उत्तर कधी आलं नाही.

"तू विचारलंस ना, त्याच्या जागी असता तर. मी त्याच्याच जागी होतो. मीही घरी गेलो. त्याची कीर्ती झाली."

  मी एवढंच म्हटलं, "मास्तर, तुम्ही त्याला आणायला तर गेला नाहीत." ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी मान खाली घातली. परत येताना रोल्याच्या दुकानात त्यांनी लबन घेतलं आणि झोयाला दिलं. झाकण खिशात टाकलं. मी त्यांच्या खिशाकडे पाहू शकलो नाही.

त्यानंतर वर्षभर ते पूर्वीसारखेच येत राहिले. शिकवणी चालू होती. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात एक गाठ बसली. ते एखादी चांगली गोष्ट समजावून सांगत असले की मला मध्येच पत्र्याच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस दिसायचा. ज्या माणसानं मला शिकवलं त्याला मी मानावं की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. स्वाध्यायातला प्रश्न आता माझ्या घरात येऊन बसला होता. एकदा तर मी शुक्रवारी दुकानात काम आहे असं खोटं सांगून घरी गेलोच नाही. अम्मी म्हणाली, मास्तर सारखे दाराकडे बघत होते.

ती बातमीही शुक्रवारीच आली. जेवणाची वेळ उलटून गेली तरी मास्तर आले नव्हते. झोया म्हणाली, "ही इज लेट." चार वाजता फोन वाजला. कॅम्पातला आचारी होता, खेडचा. अब्बांना म्हणाला, "इक्बालभाय, यल्ला, लवकर हॉस्पिटलात या. मास्तरला मारला."

झालं होतं ते असं. कंपनीनं खोल्यांवर छापा घालून हॉटप्लेट जप्त केल्या. खोलीत शिजवायची बंदी होतीच, पण सगळे शिजवायचे. कुणीतरी चुगली केली म्हणून एका बांगलादेशी वेल्डरवर संशय आला. पस्तिशीचा माणूस, नवा. चार देशांची माणसं बैठकीला बसली, आणि ती जुनी झाकणांची रीत पुन्हा काढली. मोजणारा दुसराच कोणीतरी होता. दोषी ठरवून झालं. माणसं नळ्या घेऊन त्याच्या खोलीकडे निघाली, तर खोलीच्या दारात मास्तर उभे. दोन्ही हात चौकटीला लावून.

आचाऱ्यानं हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आम्हाला सांगितलं. रडत सांगत होता. "मी म्हटलं, मास्तर हटा, यांच्या डोक्यात सैतान शिरलाय. हटेनात. एकच बोलत होते, हिंदीत पण, मराठीत पण. पुन्हा मोजा. फिर से गिनो. एकानं बाजूला ढकलला, परत येऊन उभे. मग नळी हाणली खांद्यावर. हात खाली आला, तर दुसरा हात पसरला. मग डोक्यात... तरी खाली बसले ते दारातच बसले. त्यांच्या अंगावरून जायला कुणाची छाती झाली नाही. रक्त उंबऱ्यावरून बाहेर आलं, तेव्हा पळाले सगळे."

मास्तर अकरा दिवस होते. दाराशी पोलीस बसायचा, आत एकालाच सोडायचे. पाचव्या दिवशी मी गेलो तेव्हा त्यांना शुद्ध होती. डोकं दुधी भोपळ्याएवढं सुजलं होतं, एक डोळा बंद. मला ते ओळखतील असं वाटलं नाही. पण ओळखलं. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"तो?"

"वाचला," मी म्हटलं. "मागच्या खिडकीतून उडी टाकली."

"पळाला?"

"पळाला, मास्तर."

"शहाणा," ते म्हणाले. आणि हसल्यासारखं काहीतरी केलं. मला त्या वेळी त्यांची माफी मागायची होती, त्या खोट्या शुक्रवारची. पोलिसानं घड्याळ दाखवलं. मी म्हटलं, पुढच्या वेळी मागू. मग पुढची वेळ आली नाही.

देह गावी गेला. अब्बा बरोबर गेले. वरच्या घरातल्या भावकीबरोबर त्यांनी खांदा दिला, आणि मोहल्ल्यातली माणसं खाडीपर्यंत चालत गेली. कंपनीनं मास्तरांची पेटी आमच्या खोलीवर आणून टाकली, कारण रजिस्टरमध्ये जवळचा माणूस म्हणून अब्बांचं नाव होतं. आठ दिवस ती कुणी उघडली नाही. मग अम्मी म्हणाली, "तूच उघड. तुला शिकवत होते." दोन लुंग्या, दाढीचं सामान, जाड भिंगांचा जुना चष्मा. माझी नऊ पानं. 'सरळ घरी गेला' याच्या खालची माझी रेघ तशीच होती, आणि समासात लाल शाईनं मास्तरांचं अक्षर : "याला दहापैकी किती, हे मला ठरवता येत नाही. तू ठरव." खाली दूध पावडरचा गंजलेला डबा, पांढऱ्या झाकणांनी काठोकाठ भरलेला. एक झाकण वेगळं, कागदात गुंडाळलेलं. त्याच्या कडेला पिवळट पावडर अजून चिकटलेली आहे. त्याच कागदावर सुभाष मोरेचा पत्ता होता.

मी त्या पत्त्यावर चार ओळी लिहिल्या. खेडेकर मास्तर वारले, एकाला वाचवायला दारात उभे राहिले म्हणून वारले, तुमची आठवण काढत होते, तुम्ही कुठे असाल तर कळवा. उत्तराची आशा नव्हती. मास्तरांना नऊ वर्षांत आलं नव्हतं.

मी हे स्मरण लिहायला बसलो होतो ते वेगळ्याच शेवटासाठी. मास्तरांची कीर्ती सार्थ आहे का, तर आहे, कारण दुसऱ्या वेळी ते घरी गेले नाहीत, असं मला लिहायचं होतं. ते अर्धं लिहून झालं असताना परवा दुकानाच्या पोस्ट बॉक्समध्ये पत्र आलं. रेघी वहीचं पान, मुलीचं अक्षर. ते इथं उतरवतो आणि थांबतो.

"सा. न. वि. वि. माझे बाबा श्री. सुभाष मोरे हयात आहेत. त्यांचे हात चालत नाहीत. तुमच्या तिकडून आलेली अठरा पत्रं आमच्या फळीवर होती. बाबांना स्वतः फोडता येत नव्हती आणि ते आम्हाला फोडू देत नव्हते. म्हणायचे, त्या कॅम्पातलं काही ऐकायचं नाही. तुमच्या पत्रावरचं अक्षर वेगळं दिसलं म्हणून त्यांनी फोडू दिलं. मग म्हणाले, आता सगळी वाच. मी आठवीत आहे. मी काल सगळी वाचून दाखवली.  आज सकाळी त्यांनी हे लिहायला सांगितलं. त्या दिवशी ती माणसं यायच्या आधी कुणीतरी बाबांच्या दारावर दोनदा थाप मारली होती. बाबांनी उघडलं तर कोणी नव्हतं. बाबा विचारतात, ते मास्तर होते का? तुम्हाला ठाऊक असेल तर कळवा."